राळेगाव, बोला

त्या घंटेला हिरवं व्हायला अडीच हजार वर्षं लागली होती. मी चिंचेच्या एका गोळ्यानं दहा मिनिटांत ती अर्धी लाल केली.

मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की तपासणीची माणसं येणार आहेत, तर तारयंत्राचं पितळ घासून ठेव. दिवस पोळ्याच्या आदला. आमच्या घरी त्या दिवशी बैलांच्या घंट्या आणि घुंगरं परातीत काढून चिंच-राखेनं घासतात, आणि हे खातं चौथीपासून माझ्याकडे आहे. सकाळी घरची परात आटोपून मी संग्रहालयात आलो आणि तिथं दुसरी परात मांडली. तारेची कळ घासली, स्क्रू घासले. शेजारच्या ट्रेमध्ये तांब्याची एक घंटा होती, लिंबाएवढी, नवा नंबर टाकायला बाहेर काढलेली. हाताला काय कळतं, बैलाची कोणती आणि इतिहासाची कोणती? त्यानं उचलली आणि लागला घासायला. मी आपला आमच्या बैलांच्या झुलीचा विचार करत होतो.

"अबे क्षितिज," दारातून आवाज आला, "हा कोणाचा बैल?"

पुंडलिकराव होते. मी हातातल्या घंटेकडे पाहिलं. डावी बाजू नव्या लोट्यासारखी चमकत होती, उजवी शेवाळासारखी हिरवी. आणि परातीतलं पाणी मात्र फार सुंदर दिसत होतं. अडीच हजार वर्षं त्यात विरघळली होती.

हे संग्रहालय म्हणजे फार मोठं काही नाही. मारेगावात एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या वसतिगृहाच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत लोहयुग: आसपासच्या शेतांत दगडांची मोठाली वर्तुळं आहेत, त्यांच्या पोटात पुरलेल्या माणसांसोबत सापडलेल्या कुऱ्हाडी, पहारी, मडकी. एका वर्तुळात माणसासोबत त्याचा घोडाही पुरला होता. त्याच्या तोंडातली लोखंडी कडी आणि गळ्यातल्या चार घंटा आमच्याकडे आल्या. दुसऱ्या खोलीत जुनी दळणवळणाची साधनं: काळे टेलिफोन, एक रेडिओ, टपालाची पितळी तराजू आणि तारयंत्र. बघायला शाळेची पोरं येतात, आणि उन्हाळ्यात कोणीही येतं, कारण छत उंच आहे. मी इतिहासात बी.ए. केलं आणि अकरा महिन्यांच्या करारावर इथं सहायक म्हणून लागलो. पत्र दर अकरा महिन्यांनी नवं निघतं. त्या महिन्यात ते निघायचं होतं.

पुंडलिकरावांना मात्र कोणी लावलेलं नव्हतं. ते आपले यायचे. वय एकोणसत्तर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक कायम बंद. एकेकाळी ते मारेगावचे तारबाबू. वडील कचेरीत कारकून, आजोबाही कारकून, म्हणजे घराण्यात कागद मुरलेला. यांनी कागद सोडून तार धरली एवढीच बंडखोरी. ऑफिसनं तारयंत्र मोडीत काढलं तेव्हा त्यांनी ते लोखंडाच्या वजनानं विकत घेतलं, आठ वर्षं घरात पलंगाखाली ठेवलं आणि शेवटी संग्रहालयाला देऊन टाकलं. "दिलं नाही," त्यांच्या पत्नी मैनाबाई म्हणायच्या, "सासरी पाठवलं. म्हणून रोज भेटाले जातेत."

ते खरंच होतं. रोज दुपारी चार वाजता पुंडलिकराव काचपेटी उघडायचे, दोन बॅटऱ्या जोडायचे आणि कळ दाबायचे. ठोके पडणारं यंत्र त्यांनी तारेनं शेजारच्या खोलीत, माझ्या टेबलाजवळ नेलं होतं. कट्ट, कट्टकट्ट. अर्धा मिनिट ठोके, मग अर्धा मिनिट शांतता. मग पेटी बंद.

पहिल्यांदा मी विचारलं, "काका, कोणाले लावता जी?"

"राळेगावले."

"उचललं का?"

"आज नाही," ते म्हणाले, अगदी सरळ चेहऱ्यानं. "कामात असन."

हे राळेगाव म्हणजे खेमसिंग राठोड.

त्या काळी एकाच तारेवर चार-पाच गावं मण्यांसारखी ओवलेली असायची. पुंडलिकराव मारेगावला, खेमसिंग राळेगावला. तारेवर माणसाला नाव नसतं, गाव असतं. त्यामुळे एकमेकांना ते मारेगाव आणि राळेगाव. रोज चार वाजता तारांची गर्दी ओसरली की राळेगाव हाक द्यायचं. पाऊस किती, कापूस कसा, साहेब कुठं. पुंडलिकराव सांगत, की जशी चालीवरून माणूस ओळखू येतो तसा ठोक्यांवरून हात ओळखू येतो. खेमसिंगचा हात कसा? "लांब ठोका जरा जास्तच लांब. गायीच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखा."

सहा वर्षं असं बोलल्यावर दोघं पहिल्यांदा समोरासमोर भेटले, यवतमाळला कसल्याशा प्रशिक्षणात. चहाच्या टपरीवर बसले. आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

"अर्धा घंटा बसलो," पुंडलिकराव सांगत होते. "मी म्हनलं, उकाडा लय हाये. तो म्हने, हो. मंग त्यानं चमचा उचलला अन् बशीवर ठोकला: 'मारेगाव, जाड झाले तुम्ही.' मंग काय, दोन चहा गेले, टपरीवाला म्हने बशी फुटली तर भरून द्या लागन."

घरीही हेच. मैनाबाई सांगतात, जेवताना ताटाच्या काठावर यांची बोटं चालू. "भाजी कशी झाली म्हनून विचारलं तं ताट वाजवते मानूस. मले का समजते, खारट म्हनते का आळणी?"

मग तार गेली. म्हणजे आधी ठोक्यांची तार गेली. नव्या यंत्रांवर, फोनवर काम सरकलं. तार अख्खी बंद झाल्याची बातमी पेपरात पुढे फार उशिरा आली, तोवर पुंडलिकराव टपालाच्या खिडकीवर तिकिटं विकत होते. त्यांच्या लेखी ती मेच्या एका दुपारी, चार वाजता बंद झाली. लग्नसराई होती. टेबलावर शुभेच्छांच्या तारांचा ढीग. राळेगावनं हाक दिली. हे दोन तारांच्या मधे होते, म्हणून त्यांनी 'थांबा' दिलं. एक आखूड, एक लांब, मग तीन आखूड. पाचेक मिनिटांनी ढीग उरकून त्यांनी 'बोला' दिलं. लांब, आखूड, लांब.

पलीकडून काहीच नाही. तिकडच्या लाइनमननं तोवर जोड सोडला होता.

"काय म्हनाचं होतं त्याले?" हा प्रश्न तेव्हापासून पुंडलिकरावांच्या मागे लागला, तो सुटलाच नाही. त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं: सर्व क्षेम. पुढे खेमसिंगच्या मुलाच्या लग्नात गाठ पडली तेव्हा बाजूला घेऊन विचारलं. खेमसिंग हसला. म्हणाला, "तारेची गोष्ट तारेवर. तोंडानं सांगतली तं काय मजा?" मग त्याच्या कानांनी दगा दिला. आधी एक, मग दुसरा. फोनवर बोलणं संपलं.

एवढं सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळलं होतं, आणि मी त्याची थट्टाही भरपूर केली होती. "काका, उधारी मागाची असन त्याले," असं मी म्हणायचो. ते रागवत नसत. एकदाच म्हणाले, "तुले चार वाजता कोनी हाक देते का रोज?" मला फक्त मोबाइल कंपनी हाक देते.

तर आता पुन्हा परातीकडे येऊ.

मी घंटा हातात घेऊन उभा, पुंडलिकराव दारात, आणि त्यांच्या मागून सुमेधाताई आल्या. सुमेधाताई आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख. कॉलेजात इतिहास शिकवतात आणि कुऱ्हाडीशी लेकरासारखं बोलतात. त्यांनी घंटा पाहिली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी हळू विचारलं, "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्यातून काही निघण्याआधीच पुंडलिकराव म्हणाले, "मायाच्यानं झालं, ताई. हा पोट्टा तं पानी बदलून राह्यलता."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काका, तुम्ही? अहो, तो हिरवा थर म्हणजे त्या घंटेचं वय होतं. तिच्यावर कापडाचा धागा चिकटला होता का, दोरी कसली होती, सगळं त्या थरात असतं. आता कोणाला विचारायचं?"

"चुकलंच," पुंडलिकराव म्हणाले.

ताईंनी सगळ्या काचपेट्यांना कुलपं लावली. तारयंत्राच्याही, माझ्या टेबलाजवळचं ठोक्यांचं यंत्र आत ठेवून. किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये. "आजपासून एकही वस्तू बाहेर निघणार नाही. कोणासाठीच नाही, काका."

त्या गेल्यावर मी म्हणालो, "काहून असं केलं तुम्ही?"

"तुयं पत्र निघाचं हाये या महिन्यात. मले कुठून काढतीन? मी लागलोच कुठं?" ते बाकावर बसले. घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी होते. मग कुलपाकडे पाहिलं. "फक्त एक झालं. पुढच्या मंगळवारी राळेगाव येऊन राह्यलं."

मला आधी समजलंच नाही.

खेमसिंगची सून बबिता मारेगावला बहिणीकडे येणार होती आणि सासऱ्याला सोबत आणणार होती. पुंडलिकरावांनी महिनाभर आधीपासून ठरवलं होतं. कान गेले तर गेले. ठोके पडणाऱ्या यंत्राची पितळी पट्टी ठोक्यासरशी थरथरते. खेमसिंग तिच्यावर बोट ठेवेल आणि बोटानं वाचेल. तीस वर्षांपूर्वीचं 'बोला' त्याला आता द्यायचं होतं. आणि ते यंत्र, मी इतकं लख्ख घासलेलं, काचेत कुलूपबंद होतं.

"मी ताईंना सांगतो खरं काय ते," मी म्हणालो.

"सांगू नको. पत्र निघू दे. पन एक कर," ते म्हणाले. "कळ शिक. जास्त नाही, हाकेले ओ देता येईन इतकी. चार वाजता शेजारच्या खोलीत मानूस बसून असते अन् त्याले काही समजत नाही, हे बरं दिसत नाही."

मी म्हणालो, शिकतो. इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून आनंदच झाला.

मंगळवारी खेमसिंग आले. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी. बबिता त्यांच्या बाहीला धरून होती. "बाबाले काही ऐकू येत नाही, दादा," तिनं मला आधीच सांगितलं. "घरी दिवसाचे दोन शब्द बोलतेत. भाकर, अन् पानी."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना पाहिलं. गळाभेट नाही, काही नाही. खेमसिंगनी पुंडलिकरावांच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बहुतेक तेच जुनं: मारेगाव, जाड झाले तुम्ही.

मग ते काचपेटीपुढे बसले. पुंडलिकरावांनी कुलपाकडे हात करून खांदे उडवले. खेमसिंगनी काचेवर बोटं टेकवली, बाहेरून. पुंडलिकरावांनी काचेवर नखानं ठोकून पाहिलं. खेमसिंगनी डोळे मिटून बोट दाबलं, मग मान हलवली. काच जाड होती. काहीच पोचत नव्हतं. पुंडलिकरावांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात, आणि मग हात मांडीवर ठेवला.

मी त्यांना लोहयुगाच्या खोलीत घेऊन गेलो, उगाच, काहीतरी दाखवायचं म्हणून. खेमसिंग त्या अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या घंटेपाशी थांबले. बराच वेळ.

"घोड्याची हाये," पुंडलिकराव त्यांना म्हणाले, ऐकू येत नाही हे माहीत असून. मग माझ्याकडे वळून: "घंटी म्हंजे बी तारच ना गा. घोडा रातच्यानं कुठं चरून राह्यला ते मालकाले समजाव म्हनून बांधते. आता घोडा बी मातीत, मालक बी मातीत. अन् घंटी इथं. पाठवनारा नाही, घेनारा नाही."

ते हे दुःखानं वगैरे म्हणाले नाहीत. तारबाबू जसा पत्ता न सापडलेली तार बाजूला ठेवतो, तसं म्हणाले. पण मी त्यानंतर तिथं उभा राहू शकलो नाही.

सुमेधाताई कॉलेजात होत्या. मी सायकल काढली. स्टाफरूमच्या दारात मी त्यांना सगळं सांगितलं: चिंच, परात, पोळा, पुंडलिकराव, राळेगाव. त्या ऐकत होत्या, आणि त्यांचा आवाज त्या दिवशी चढला नव्हता तो आज चढला.

"दहा दिवस!" त्या म्हणाल्या. "दहा दिवस त्या माणसाशी मी धड बोलले नाही, आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास?"

"हो ताई."

"आणि आज का आठवलं?"

"ते काचेवरून बोलून राह्यले, ताई. पोचत नाही."

त्यांनी पर्समधून जुडगा काढला. "हा घे. संध्याकाळी रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहायचं. घंटा क्रमांक तीन, डावी बाजू, कोणी, कशानं. पोळासुद्धा लिही. पुढच्यांना कळू दे, आपल्याकडे हेही होतं."

मी ते लिहिलं आहे. कोणी पाहायला मागितलं तर दाखवतो. माझं पत्रही निघालं, अकराऐवजी तीन महिन्यांचं.

मी परत आलो तेव्हा ते दोघं पुन्हा तारयंत्राच्या काचेसमोर बसले होते आणि बबिता सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. मी पेटी उघडली. पुंडलिकरावांनी बॅटऱ्या जोडल्या, तारा घट्ट केल्या. ठोक्यांचं यंत्र खेमसिंगपुढे सरकवलं आणि त्यांची तर्जनी धरून पितळी पट्टीवर ठेवली. मग कळ जवळ ओढली, शर्टाची बाही मागे सारली, आणि ठोकलं.

लांब, आखूड, लांब. बोला.

खेमसिंगचं बोट पट्टीवर तसंच. ते काही करत नव्हते. मला वाटलं, विसरले. बोटालाही वय असतंच की. पुंडलिकरावांनी पुन्हा दिलं. लांब, आखूड, लांब.

मग खेमसिंगनी हात पुढे केला आणि कळ आपल्याकडे ओढली. पहिले दोनचार ठोके अडखळले, शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसे. मग लागले. मला काही कळत नव्हतं, पण लांब ठोका जरा जास्तच लांब होता, एवढं मलाही ऐकू आलं. गायीच्या पाठीवरून हात.

पुंडलिकरावांनी डोळे मिटले होते. ठोके थांबले. त्यांनी खिशातलं ते कायम बंद असणारं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि काही न लिहिता पुन्हा लावलं.

"का म्हनाले बाबा?" बबितानं विचारलं.

"म्हने," पुंडलिकराव म्हणाले, "म्हने, 'विसरलो. पन थांबलो होतो.'"

नंतर तास-दीड तास ते दोघं बोलत होते. मी विचारलं, काय चाललंय, तर पुंडलिकराव म्हणाले, हवापाणी. मधे एकदा दोघंही हसले, एकाच वेळी, आणि खेमसिंगच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बबितानं पदरानं पुसलं. तिनं घड्याळ पाहिलं, मग पाहणं सोडून दिलं. शेवटची बस गेली. ती म्हणाली, जाऊ द्या, उद्याची असते.

त्यानंतर खेमसिंग आले नाहीत. गुडघे, बस, शेताची कामं. दिवाळीनंतर येतील असं बबिता म्हणाली होती. दिवाळी होऊन गेली. सुमेधाताईंनी पुंडलिकरावांना पेटीची किल्ली दिली, रोज अर्ध्या तासासाठी, सहीवर. घंटा क्रमांक तीन तिच्या जागी आहे. तिच्या फलकावर ताईंनी एक ओळ वाढवली: 'डाव्या बाजूची स्वच्छता अलीकडील.' लोक वाचतात आणि आधी घंटेकडे, मग कोणास ठाऊक का, माझ्याकडे बघतात.

आणि पुंडलिकराव रोज चार वाजता कळ दाबतात. राळेगाव आता लागत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते मला लावतात. ठोके माझ्या टेबलाजवळ पडतात, आणि उत्तर द्यायला दुसरी कळ त्यांनी माझ्याच टेबलावर बसवून दिली आहे.

मी शिकतोय. म्हणजे पुस्तक आणलंय. अकरा अक्षरं येतात, त्यांतली सात खात्रीची. मधे शाळांच्या सहली होत्या, मग माझ्या पत्राची धावपळ. ठोके सुरू झाले की मी पेन घेऊन बसतो, तिसऱ्या अक्षराला चुकतो, आणि मग मला एकच गोष्ट न चुकता ठोकता येते, 'थांबा'. एक आखूड, एक लांब, मग तीन आखूड.

पलीकडच्या खोलीत ठोके थांबतात. खुर्ची सरकल्याचा आवाज येत नाही, पेटी लावल्याचाही नाही.